फाल्कोसाठी सोडलेलं गाव

चि. मिहिर आणि चि. रेवा,

मागच्या रविवारी तुम्ही कॅनडातून मला एका पिलाचा फोटो पाठवलात. लांब लोंबते कान, नाकापासून कपाळापर्यंत पांढरा पट्टा, पाठीवर काळं खोगीर घातल्यासारखा रंग. खाली रेवानं लिहिलं होतं, "आजी, फाल्कोला इथे आणता येत नाही, तर त्याचा भाऊ तरी आणू या का? तुझ्याकडे तो इतकी वर्षं राहतोय, तूच सांग, पेट म्हणून हा ब्रीड कसा आहे?" मी लगेच उत्तर दिलं नाही. प्रश्न विचारला की उत्तर पूर्ण वाक्यात द्यायचं, ही सवय मी इंग्रजीच्या तासाला मुलांना लावत आले, तीच मलाही लागली आहे. आणि हे उत्तर फोनच्या पडद्यावर मावणारं नाही.

आधी दोन गोष्टी सरळ सांगते. फाल्को आता नाही. या उन्हाळ्यात, मेहकरच्या खोलीत, तो झोपेतच गेला. तुमचे बाबा म्हणाले होते, "आई, मुलांच्या परीक्षा होऊ देत, मग मी सांगतो." परीक्षा झाल्या, निकाल लागले, आणि तुम्ही अजून तो 'राहतोय' असं लिहिता, म्हणजे त्यांना जमलेलं दिसत नाही. दुसरी गोष्ट. गुडघ्यांचा डॉक्टर जवळ पडतो म्हणून आजी वरवट बकाल सोडून मेहकरला राहायला गेली, असं तुम्हाला सांगितलेलं आहे. माझे गुडघे बरे आहेत. मी गाव सोडलं ते फाल्कोसाठी. तुम्ही आता त्याच जातीचं दुसरं पिलू घ्यायला निघाला आहात, म्हणून हे आत्ता लिहिते.

मी निघाले त्या सकाळी दारात टेम्पो उभा होता. लोखंडी पलंग, एक कपाट, पुस्तकांच्या पेट्या, ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला तुमच्या आजोबांचा फोटो, एवढं सामान मागे चढलं. पुढे ड्रायव्हरशेजारी मी आणि माझ्या पायाशी फाल्को. आमच्या गल्लीत नुसता पाहुणा एसटीला निघाला तरी चार बायका कोपऱ्यापर्यंत पोचवायला जातात. त्या दिवशी दारं सगळी उघडी होती, आतून भांड्यांचे आवाज येत होते, पण ओट्यावर कोणी आलं नाही. टेम्पो हलला तेव्हा बाजूच्या आरशात मला समोरची सुमनबाई दिसली. ती बादली घेऊन बाहेर आली आणि तिनं सडा टाकला, आधी तिच्या दारापुढे आणि मग माझ्याही दारापुढे. आपल्याकडे प्रेत घराबाहेर नेलं की मागे अशीच जागा धुऊन काढतात. पण सकाळही सड्याचीच वेळ असते. त्यातलं काय होतं ते मी तिला कधी विचारलं नाही.

आता मागे जाते.

फाल्को तुमच्या घरी आला तेव्हा तुम्ही जर्मनीतल्या एका लहान डोंगराळ गावात राहत होता. मिहिर पहिलीत होता आणि रेवा भिंत धरून चालत होती. मी त्या उन्हाळ्यात तुमच्याकडे आले होते. शेजारी एक निवृत्त वनरक्षक राहायचे, हेर ब्रांट. त्यांच्याकडे या कुत्र्यांची पिढ्यांची पैदास होती. डॉइचे ब्राके या जातीच्या नावाचा उच्चार मी त्यांच्याकडून घोटून घेतला. काही शिकारी कुत्रे नजरेवर धावतात, हा नाकावर चालतो. ससा, कोल्हा किंवा रानडुक्कर जाऊन बराच वेळ झाला असला तरी जमिनीवर राहिलेला वास तो धरतो आणि मग सोडत नाही. आणि माग लागला की तो गप्प राहत नाही. पळता पळता एकसारखा उंच, लांबलचक आवाज काढत जातो. शिकारी एका जागी उभा असतो. कुत्रा दिसत नसला तरी आवाजावरून त्याला कळतं की माग लागला आहे आणि कोणत्या बाजूला वळला आहे. सशाला घेराघेरानं फिरवून कुत्रा पुन्हा सुरुवातीच्या जागी आणतो. गप्प धावणारा ब्राके त्यांच्या लेखी नापास. म्हणजे हा आवाज माणसांनीच पिढ्यानपिढ्या निवडून त्याच्यात उतरवला आहे.

फाल्को बंदुकीच्या आवाजाला घाबरून टेबलाखाली शिरला, म्हणून शिकारीतून बाद झाला आणि पाळायला तुम्हाला मिळाला. एरवी ते लोक ही पिल्लं शिकाऱ्यांशिवाय कोणाला फारशी देत नाहीत. देताना हेर ब्रांट काही तरी बोलले. बाबांनी हसत हसत मला मराठीत सांगितलं, "म्हणतात, याला पाळणं म्हणजे याच्या नाकामागे चालत राहणं." सगळे हसले. मीही हसले. तुमच्या घरामागच्या जंगलात मी त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला. दरीपलीकडून कोणीतरी हाका मारत येत आहे असं वाटायचं. मला तो आवडला होता. तिथे जंगल होतं, रोज फिरवायला माणसं होती आणि त्या आवाजाचा अर्थ जाणणारे शेजारी होते. या तीनही गोष्टी तुम्हाला कॅनडातल्या घरी मिळणार असतील तर पुढचं वाचायची गरज नाही.

मग बाबांनी ठरवलं की आता कायमचं परत यायचं. पुण्यात नोकरी, सातव्या मजल्यावर फ्लॅट, तुम्हाला मराठी शिकवायला मी. फाल्कोलाही कागदपत्रं करून विमानानं आणलं. तुम्हाला तो प्रवास आठवत असेल; माझ्या लक्षात राहिलं ते नंतरचं. तुम्ही शाळेत आणि आई-बाबा कामाला गेले की तो दाराशी बसून गळा काढायचा. पार्किंगमधून मांजर गेली की सातव्या मजल्यावर त्याला कळायचं. सोसायटीच्या चिटणिसांनी आधी विनंती केली, मग सूचनाफलकावर लावलं, मग सभेत विषय घेतला. त्या सभेहून बाबा आले आणि बूट काढता काढता मला म्हणाले, "आई, गावाकडे मोकळं आहे. थोडे महिने तुझ्याकडे राहू दे. तिथे कोण तक्रार करणार?"

शहरात राहणाऱ्यांची ही चूक मी अनेकदा पाहिली आहे. त्यांना वाटतं गाव म्हणजे मोकळी जागा. पुण्यात आवाजाची तक्रार होते. गावात आवाजाचा अर्थ लावतात. तक्रारीतून सुटायला वाट असते.

दिवाळीच्या सुटीत तुम्ही त्याला गाडीतून वरवट बकालला आणलंत. रेवानं त्याची चादर आणि वाटी माझ्या स्वयंपाकघरात मांडली होती. पुढच्या वर्षी कॅनडाचं ठरलं. थोड्या महिन्यांच्या मुदतीचा विषय नंतर कोणी काढला नाही, मीही काढला नाही.

सुरुवातीला गावानं त्याचं कौतुकच केलं. 'फाल्को' कोणाच्या तोंडी बसेना, म्हणून तो फालक्या झाला. सातपुडा जवळ, त्यामुळे मक्यात रानडुकरं आणि हरभऱ्यात रोही म्हणजे नीलगाई, हे तिथलं रोजचं दुखणं. जर्मनीहून आलेलं शिकारी कुत्रं म्हणजे आता जनावरं हाकलणार अशी सगळ्यांची समजूत. सुमनबाईचा पुतण्या गजानन एक दिवस आला.

"मॅडम, फालक्याले वावरात नेऊ का? जर्मनीचं हाय म्हंते."

मी म्हटलं, "ने, पण दोर सोडू नकोस. हा राखणीचा कुत्रा नाही."

त्यानं अर्थातच दोर सोडला. संध्याकाळी दोघं परत आले, फाल्को चिखलानं माखलेला आणि गजानन हसून हसून बेजार. ओट्यावर बसलेल्यांना तो सांगत होता, "लय शिकेल कुत्रं हाय बावा. नाक खाली घातलं अन् कालच्या डुकराचा अभ्यास करत नाल्यापार गेलं. आजचं डुक्कर मांगून आलं अन् मका खाऊन गेलं." गल्ली बरेच दिवस त्यावर हसली. चोर आला तर त्याचाही हात चाटेल असा हा कुत्रा, हे एकदा कळल्यावर लोकांनी त्याच्याकडून अपेक्षा ठेवली नाही. लेकरं त्याचे कान धरून झोपायची आणि तो हलायचा नाही. हा गुण खरा आहे आणि मी तो मान्य करते.

सर्वांत जास्त लळा लावला तो सुमनबाईनं. तुम्हाला ती आठवते, दारात बसून तुम्हाला शेंगा सोलून देणारी. मी लग्न होऊन वरवटला आले तेव्हा मी मेहकरची, इंग्रजी शिकलेली, पदराला सवय नसलेली सून. समोरच्या घरातली सुमनबाई माझ्याच वयाची, चौथीत शाळा सुटलेली. भाकरी थापायला मला तिनं शिकवलं. तिच्या मुलांना मी शिकवलं. तुमचे आजोबा गेले तेव्हा पहिल्या महिन्यात ती रोज माझ्या घरी निजायला यायची, मी नको म्हणत असतानाही. ती फाल्कोला दुधात भाकरी कुस्करून द्यायची आणि त्याच्याशी बोलायची.

"काऊन बे फालक्या, तुलेबी तुह्या मालकानं इथी आनून टाकलं का? मलेबी माह्या बापानं असंच आनून ठेवलं अन् मांगं पाह्यलं नाई."

हे ती हसत म्हणायची. मी घरात असायचे, मला ऐकू यायचं.

तिचे यजमान बापूराव अर्धांगानं वर्षभर खाटेवर होते. खाट दिवसा ओट्यावर असायची. फाल्को जाऊन खाटेच्या कडेवर हनुवटी टेकवायचा आणि बापूराव चालत्या हातानं त्याच्या कानांशी खेळत राहायचे. बोलणं त्यांचं गेलं होतं. दोघांचं बरं जमायचं.

मी फाल्कोला रोज दिवेलागणीच्या आधी घरामागच्या नाल्याकाठी फिरवायला न्यायचे. तिथे ससे आणि मुंगूस फार. म्हातारीच्या हातातला पट्टा तो किती वेळ मानणार? एका संध्याकाळी त्याला वास लागला, पट्टा सुटला आणि तो नाल्याच्या कडेनं आवाज देत निघाला. मी घराकडे परत आले तर गल्लीतली एक म्हातारी ओट्यावरून उतरून आपली चप्पल उलटी करून ठेवत होती. पुढच्या दारातही एक चप्पल उलटी. मी सुमनबाईला विचारलं.

"तू शिकेल बाई, तुले नाई समजनार," ती म्हणाली. "कुत्रं रडलं का त्याले येम दिसते. चप्पल उलटी करून ठेवा, मंग गप्प होते."

"ते रडत नाही ग. ते सशाचा माग काढतंय."

"तुह्यासाठी मागच असन."

कुत्रा भुंकतो ते वेगळं आणि तोंड वर करून लांब सूर धरतो ते वेगळं, हे गावात लहान पोरालाही कळतं. भुंकणं म्हणजे राखण. लांब सूर म्हणजे कोणाच्या तरी घरी मरण. हेर ब्रांटच्या घराण्यानं जो सूर इतक्या मेहनतीनं जपला, नेमका तोच. आणखी वाईट हे, की वास संपला की फाल्को आपोआप गप्प व्हायचा. गल्लीला वाटायचं चप्पल लागू पडली. त्यामुळे पद्धत पक्की होत गेली. पुढे पुढे मी त्याला घेऊन निघाले की दारोदारच्या चपला आधीच उलट्या व्हायच्या. मी चालायचे आणि दोन्ही बाजूंना चपलांचे तळवे वर आलेले दिसायचे. माझ्याशी कोणी वाईट बोललं नाही. "मॅडम, फिराले चालल्या का?" असं विचारायचे आणि विचारता विचारता पायानं चप्पल पालथी करायचे. मी फिरायची वेळ बदलली, वाट बदलली, पट्टा कमरेला बांधून पाहिला आणि एकदा पडलेही. पट्ट्यात असतानाही वास आला की तो तोंड उघडायचाच, अंगणात बांधलेला असतानाही. त्याच्यापुरतं ते श्वास घेण्यासारखं होतं.

हिवाळ्याच्या सुरुवातीला बापूरावांनी अन्न कमी केलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं, म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं होतं. त्यातच एका संध्याकाळी फाल्कोनं पट्ट्यातून मान सोडवली आणि तो अंगणाच्या कुंपणातून निसटला. नाल्याशी ससा उठला असावा. तो खाली दूरपर्यंत गेला, आवाज बारीक होत गेला, आणि मग जसं त्याला जन्मतः येतं तसं घेर घेऊन तो परत फिरला, थेट सुमनबाईच्या परसातून, भिंतीला लागून, पूर्ण आवाजात. दुसऱ्या दिवशी दुपारी बापूराव गेले.

मी तिच्याजवळ बसले होते. बायका आत-बाहेर करत होत्या. दिवस कलल्यावर गर्दी कमी झाली तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं.

"बाई, काल मी चप्पल उलटी केली नाई," ती म्हणाली. "मी त्याईले पेज भरवत होती. हातात वाटी होती. म्हनलं पेज झाली का उठतो. तेवढ्यात ते रडून गेलं."

ती मला दोष देत नव्हती. ती स्वतःला देत होती. चप्पल उलटी करायला उठले असते तर नवरा जगला असता, असं तिच्या मनात बसलं होतं, आणि ते तिथे राहिलं असतं तर तिला खाऊन टाकलं असतं. म्हणून मी तिला समजावलं. म्हटलं, "सुमन, ते रडत नव्हतं. त्या कुत्र्याला वास सापडला की आनंद होतो, तेव्हा ते असा आवाज काढतं. तुझ्या चपलेचा काही संबंध नाही."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "म्हंजे माहा धनी जाऊन राह्यला होता अन् तुहं कुत्रं खुश होऊन राह्यलं होतं."

मी जे सांगितलं ते खरं होतं आणि आजही खरंच आहे. पण त्या घरात, त्या दिवशी, रडणारं कुत्रं चाललं असतं. खूश झालेलं कुत्रं कोणालाच चालण्यासारखं नव्हतं. तेराव्यापर्यंत हे वाक्य गावभर झालं. आता फालक्या नुसता अपशकुनी राहिला नाही, माणूस मरताना हसणारा झाला.

सुमनबाईचं माझ्याकडे येणं थांबलं. मी गेले तर चहा द्यायची, पाट द्यायची, आणि समोर बसायची नाही. मग पोलीस पाटील आणि दोन ज्येष्ठ माणसं माझ्याकडे आली. फार अदबीनं आली. चहा घेतला.

"मॅडम, तुमचा शब्द आमी कधी मोडला नाई. आमची पोरं तुमच्या हाताखाली शिकली. पन या कुत्र्याचं काईतरी करा."

"काय करू सांगा."

"लांब, हिवरा आश्रमाकडं सोडून द्या त्याले. तिकडं मानसाईचा राबता हाय, खायाले भेटते. अन् तिथी कोनी वयखीचं नाई, तं रडलं तरी कोनाले काय?"

मी म्हटलं विचार करते. त्यांना मी वाईट म्हणणार नाही. गावाला एक भीती होती आणि तिच्यावर त्यांनी त्यातल्या त्यात सौम्य तोडगा काढला होता. पाटलांनी जाताना दारात थांबून सांगितलं, "तुमी राहा मॅडम. तुमचं काई नाई."

त्या आठवड्यात मी बाबांना फोन केला. त्यांना सगळं सांगितलं, बापूरावांसकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आई, तिथल्या लोकांच्या अंधश्रद्धेपुढे आपण काय करणार? कोणाला तरी देऊन टाक." घेणारं कोणी नाही म्हटल्यावर म्हणाले, "आवाज कमी करायचं ऑपरेशन असतं ना? एखाद्या व्हेटला विचार. बी प्रॅक्टिकल." मागून मिहिरचा आवाज येत होता, जेवायला काय आहे विचारत होता. मी म्हटलं मुलांशी बोलू दे. बाबा म्हणाले, "आत्ता फाल्कोचं काही बोलू नकोस, ते सेटल होतायत." मग आपण कॅनडातल्या बर्फाबद्दल बोललो. तुम्हाला आठवायचं कारण नाही.

त्या फोननंतर मला माझ्यापुढे काय आहे ते स्पष्ट दिसलं. फाल्को वरवटला राहणार नव्हता. त्याला अनोळखी रस्त्यावर सोडून किंवा त्याचा गळा कापून घेऊन मी माझं घर, माझी गल्ली आणि सुमनबाई राखू शकत होते. उरलेलं आयुष्य तिथे काढायचं हे मी फार पूर्वी ठरवलेलं होतं; आजोबांनी ते घर त्यासाठीच बांधलं होतं. पण तो कुत्रा आधी शिकारीतून आणि मग फ्लॅटमधून बाद होऊन माझ्यापर्यंत आला होता. माझ्यानंतर तो ज्याच्याकडे टाकावा असं कोणी नव्हतं. सुमनबाईला मी जायचं सांगायला गेले तेव्हा ती तांदूळ निवडत होती.

"मेहकरला जाते."

"कुत्र्यापायी?"

"हो."

"तुह्या पोरानं तुह्यापाशी कुत्रं ठेवलं अन् तू कुत्र्यापायी आमाले ठेवून चालली," ती म्हणाली आणि सुपातले खडे वेचत राहिली. "जा मंग."

शेगाव, खामगाव ओलांडून टेम्पो मेहकरला पोचला तेव्हा दुपार झाली होती. मेहकर माझं माहेर, पण माझ्या वडिलांचं घर भावांनी केव्हाच विकलं आणि भाऊही आता नाहीत. सत्तरी उलटल्यावर माहेरी येणाऱ्या बाईला दार उघडायला घरमालक असतो. हायवेला लागून दोन खोल्या मिळाल्या. मी मालकाला आधीच स्पष्ट सांगितलं की कुत्रा लांब आवाज काढतो आणि काही लोक त्याला रडणं समजतात. ते म्हणाले, "मॅडम, इथं दिवसरात्र ट्रक हॉर्न मारतेत. तुमच्या कुत्र्याचं कोण ऐकतंय?" ते खरं होतं. इथे त्याच्या आवाजाला काहीच अर्थ नव्हता. कोणी चप्पल हलवली नाही, कोणी मान वर केली नाही. ज्या शेजारात राहायला फाल्कोला परवानगी मिळाली, तो कोणाचंच काही न ऐकणारा शेजार होता.

वरवटला मला भाजी विकत घ्यावी लागायची नाही. कोणाच्या तरी वावरातली मेथी ओट्यावर पडलेली असायची. इथे मी मोबाइलवरून पैसे देऊन भाजी घेते आणि भाजीवाला पावतीचा आवाज आला की पुढच्याकडे वळतो. वरवटला मला खोकला झाला तर तीन घरांतून काढा यायचा. इथे मी पडले असते तर आधी फाल्कोच्या आवाजानंच कोणाला तरी कळलं असतं, आणि तो आवाज ऐकायची इथे कोणाला सवय नाही. माझी बोली इथल्यांना वेगळी वाटते. "तुम्ही तिकडच्या का, संग्रामपूरकडच्या?" असं विचारतात. जन्म मेहकरचा म्हटलं तर विश्वास बसत नाही. लग्नानंतर मी जी भाषा सुमनबाईकडून उचलली ती आता निघत नाही.

फाल्को इथे चार उन्हाळे राहिला. बस स्टँडमागच्या शेतरस्त्यानं आम्ही रोज फिरायचो. हळूहळू त्याचं नाक राहिलं, पाय राहिले नाहीत. वास आला की उभा राहायचा, तोंड उघडायचा आणि आवाज अर्धाच यायचा. एका दुपारी तो कूलरसमोर झोपला होता तो उठला नाही. मालकांनी मागच्या मोकळ्या जागेत पुरू दिलं.

त्यानंतर मी एकदा वरवटला जाऊन आले. घर उघडलं, झाडलं. सुमनबाई समोरून आली. बापूराव गेल्यापासून पहिल्यांदा माझ्या ओट्यावर बसली. म्हणाली, "फालक्या गेला म्हंते."

"गेला."

"मंग आता ये ना व बाई परत. आता काऊन राहते तिकडं?"

तिच्या मनात मायाच होती, हे मला कळत होतं. पण त्या 'आता'वर मी अडले. ज्याला सोबत घेऊन मी तिथे राहू शकत नव्हते, तो मेल्यावर मला ते घर परत मिळत होतं. गल्लीतले सगळेच म्हणाले, "आता या." कोणी कपटानं म्हणालं नाही. मी संध्याकाळच्या गाडीनं मेहकरला परत आले. पोरांनो, ज्या घरात परत जायला कोणाच्या तरी मरणाची अट असते, त्याची किल्ली जवळ असली तरी ते घर उघडणं जड जातं. एवढं मला समजलं आहे, आणि ते मला वयाच्या या टप्प्यावर समजून घ्यायचं नव्हतं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पेट म्हणून ब्राके गुणी आहे. मुलांशी प्रेमळ, माणसांवर भुंकत नाही, तब्येतीनं काटक. अंगाचे केस आखूड, फार जपावं लागत नाही. कान मात्र आठवड्याला साफ करा आणि गोचिडांसाठी रोज हात फिरवा. राखणीला निरुपयोगी. एकटा ठेवला तर गळा काढतो. मोकळ्यावर सोडला की नाकामागे जातो आणि तुमची हाक त्याला ऐकू येत नाही. रोज दोन वेळा लांब फिरवावं लागतं, बर्फातसुद्धा, आणि तुम्ही कंटाळलात म्हणून त्याचं नाक कंटाळत नाही. त्याचा आवाज बंद होत नाही. तो बंद करावा असं वाटेल अशा जागी त्याला नेऊ नका. आणि तुमच्या बाबांना पुन्हा देश बदलायचा झाला तर हा कुत्रा कोणाकडे ठेवणार, हे आधी ठरवा. त्या यादीत माझं नाव घालू नका. हे मी रागानं लिहीत नाही असं म्हणणार नाही, राग आहे. पण तो तुमच्यावर नाही. तुम्ही लहान होता. आता नाही.

तुम्ही आलात तर मेहकरच्या खोल्यांत झोपायला जागा आहे, वरवटच्या घरात जास्त आहे. दोन्हीपैकी कशाला घर म्हणायचं हे मी हल्ली ठरवत नाही. बाकी काय उरलं आहे तेही सांगते. सुमनबाई अधूनमधून दुपारी फोन करते. तिच्या सुनेच्या फोनवरून करते, मोठ्यानं बोलते, पाऊस कुठवर आला आणि तुरीचं काय झालं ते सांगते. परत यायचं ती म्हणत नाही आणि कुत्र्याचं मी काढत नाही. ती फोन करते आणि मी उचलते, एवढं अजून आहे.

तुमची,
आजी